डेल्मर कॉफीचा घोट घ्यायचा तेव्हा

आमच्या बोल्डर हायवेवरचा 'कॉपर लँटर्न' कॅसिनो मुळात नाश्त्याचं दुकान होता. ऑर्विल बकनरने कारखान्याच्या फाटकासमोर खानावळ काढली. पाळी सुटलेली माणसं हॅम-अंडी खाऊन लगेच घरची वाट धरायची, म्हणून त्याने दाराशी जुगाराची चार यंत्रं मांडली. यंत्रं वाढत गेली, मागे बिंगोचा हॉल निघाला. शहरातल्या झगमगाटात पाहुणे येऊन हरायचे, आम्ही इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांत हरायचो. ऑर्विलच्या मुलीच्या लग्नाचं जेवण आमच्याच पैशांचं होतं आणि वर आम्ही आहेर घेऊन गेलो होतो.

बिंगोचे आकडे डेल्मर प्रूइट पुकारायचा. उंच, वाकलेला, बायको कधीच वारलेली. आधी गुरांच्या लिलावात ओरडायचा, त्यामुळे घरी निघालेला माणूससुद्धा त्याचा आवाज ऐकून पार्किंगमधून परत फिरायचा. पण आम्हाला तो आवडायचा तो गप्प बसण्यासाठी.

त्याचं असं, की पुकारलेल्या आकड्यांवर शाईचे ठिपके देत कागदावरची ओळ भरली की पुढचा आकडा पुकारायच्या आत 'बिंगो' म्हणावं लागतं. उशीर झाला की गेलं. आमच्यात निम्म्यांना ऐकू कमी, उरलेल्यांना दिसायला कमी. कुणी गडबडलेलं दिसलं की डेल्मर कॉफीचा कप तोंडाला लावायचा आणि लांबलचक घोट घ्यायचा. एकदा माझा चष्मा सूपमध्ये पडला. तो काढून, पुसून, घालून मी ओरडेपर्यंत याचा घोट चालूच. मागून कुणीतरी म्हणालं, "डेल्मर, कप आहे का विहीर?"

हा घोट सगळ्यांत जास्त लागायचा नोरीन हॅस्केटला. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. बोलताना फार अडखळायची. शेजारची लुसिल म्हणायची, "अगं, मी ओरडते ना तुझ्यासाठी."

"मा-माझं मी म्हणेन."

तरी एकदा लुसिलने मध्येच ओरडून टाकलं. नोरीनने जिंकलेला कागद तिच्यापुढे सरकवला, "घे, तु-तुझा आहे," आणि कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. तेव्हापासून नोरीन उभी राहिली की अख्खा हॉल तोंड मिटून बसायचा. डेल्मरच्या ओठांना कप. मग कधीतरी "ब्... ब्... बिंगो," आणि टाळ्या.

खेळ संपला की दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर एकत्र जेवायची. त्या वसंतात डेल्मरने तिला लग्नाचं विचारलं.

"मग काय म्हणाली?" मी विचारलं.

"विचार करून सांगते म्हणाली."

"आणि तू?"

"मी काय, मला थांबायची सवयच आहे."

मग ऑर्विल गेला, मुलीने जागा बाहेरच्या कंपनीला विकली. ट्रेंट नावाचा तरुण साहेब आला. त्याने पुकारायच्या टेबलावर ठरावीक वेळाने आपोआप लागणारा एक दिवा बसवला. दिवा लागला की आकडा पुकारायचाच. "काका, कॉफी घरी पीत जा," तो डेल्मरला म्हणाला. डेल्मरच्या गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यावर व्हायचं होतं, आणि नोकरी गेली की विमाही जाणार होता. त्याने कप घरी नेला.

एका मंगळवारी 'जी-बावन्न' हा आकडा पुकारल्यावर नोरीन उभी राहिली. ओठ हलले, शब्द येईना. हॉल गप्प. डेल्मर तिच्याकडे बघत होता, ट्रेंट डेल्मरकडे. दिवा लागला.

"ओ-एकाहत्तर," डेल्मर म्हणाला.

पाठोपाठ नोरीनचा 'बिंगो' आला, अगदी स्वच्छ.

"उशीर झाला, बाई. चालू ठेवा," ट्रेंट म्हणाला. लोकांनी आरडाओरडा केला, कुणी शाईची बाटली भिरकावली. नोरीनने सामान आवरलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डेल्मर तिच्या घरी गेला. गुडघ्यामुळे त्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मीच त्याला नेलं. मी गाडीत बसून होतो, काच खाली होती.

"नोरीन, नोकरी गेली असती माझी."

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. तो थांबला.

"पै-पैशांचं नाही, डेल्मर. माझं तोंड उघडं होतं, सग-सगळ्यांसमोर. ते तुला दि-दिसत होतं. आणि तू बघून पुकारलंस."

"आणि आपलं ते?"

"ते आता वि-विचारू नकोस." तिने दार लावलं, आपटलं नाही.

हिवाळ्यात कंपनीने बिंगो बंद करून तिथे यंत्रं भरली. पुढे ती इमारतही पाडली, आता तिथे गाड्या धुतात. नोरीन बहिणीकडे किंगमनला राहायला गेली. डेल्मरचं ऑपरेशन मात्र ठरल्याप्रमाणे झालं आणि फार चांगलं झालं. रोज सकाळी माझ्याबरोबर चालतो, मलाच धाप लागते.

"किंगमन काही लांब नाही," मी अधूनमधून म्हणतो. "जाऊन तर ये."

"जाऊन काय सांगू तिला?" डेल्मर म्हणतो. "गुडघा बरा झाला म्हणून?"