पत्रिकांच्या फोल्डरवरची पाळत

नाशिकरोडला माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे आणि मी मुळात संशयी माणूस. रिक्षावाल्यानं सरळ रस्ता धरला तरी मला वाटतं, यात याचा काहीतरी डाव आहे. निफाडच्या एका काकांनी छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला, तेव्हा तर मनात पाल चुकचुकलीच.

"निमंत्रकांत वहिनीचं नाव कोणी घातलं? विधवा हाय ती! आमच्यात नाय चालत असं!"

त्यांनी सही केलेल्या प्रूफमध्ये ते नाव नव्हतं. म्हणजे सही झाल्यावर कॉम्प्युटरवरची फाइल कोणीतरी बदलली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. नवरीच्या काका-काकूंच्या वर तिच्या विधवा आईचं नाव. ही पत्रिका मी छपाईआधी पकडली.

संशय घ्यायला माणूस एकच होता, माझा ऑपरेटर. देवळाली कॅम्पहून येतो, तोंडानं फटकळ, आणि दिवाळीपासून माझ्यावर रुसलेला. हा माझं दुकान बुडवणार, अशी माझी खात्रीच झाली. पण पुरावा हवा. म्हणून व्हिडिओ बघून बघून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती सही झालेल्या पत्रिकांच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलची शेवटच्या बदलाची वेळ टिपून ठेवायची, दर मिनिटाला ताडून बघायची आणि काही बदललं की माझ्या फोनवर निरोप धाडायची. मग मी ऑपरेटरशी इतका गोड वागायला लागलो की त्यालाच माझा संशय यायला लागला.

काही दिवसांत माझाच धीर सुटला. त्याला कामावरून काढायचं ठरवून मी दुपारी समोरच्या टपरीवर चहाला नेलं. "उद्यापासून..." एवढं म्हणालो आणि खिशात फोन वाजला. फाइल बदलली होती. ऑपरेटर माझ्यासमोर बशीत चहा ओतत होता.

"उद्यापासून काय?"

"जरा लवकर येत जा," म्हणून मी दुकानाकडे धावलो.

कॉम्प्युटरपुढे आई बसली होती. ती रोज माझा डबा घेऊन येते, गर्दीच्या दिवसांत नावं टाइप करून देते. तिच्यावर संशय घ्यायचं माझ्यासारख्यालाही सुचलं नव्हतं.

"पोरगी वाढवली तिनं," ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "आणि बोलावणार काका?"

"अगं आई, गिऱ्हाइकं तुटतील!" मी खरंच चिडलो होतो. तिनं ते नाव पुसलं.

मग मला धाकट्या बहिणीची पत्रिका आठवली. तीही त्याच फोल्डरमध्ये होती. वडील गेल्यापासून आमच्याकडे काकांचा शब्द चालतो, त्यामुळे निमंत्रक काका-काकू. आईनं तिथंही हात मारला असणार, म्हणून मी घाईनं फाइल उघडली. एक अक्षर बदललेलं नव्हतं.

"ही का सोडलीस?"

"आपलं नाव आपणच घालायचं का?" म्हणाली आणि डबा उघडायला लागली.

काका काय बोलतील ते मला पाठ होतं. मी खुर्चीत बसलो, सगळ्यात वर आईचं नाव टाइप केलं आणि फाइल सेव्ह केली. मिनिटभरात फोन वाजला.

"कोणाचा रे?" आईनं विचारलं.

"कोणीतरी पत्रिका बदललीय म्हणे," मी म्हणालो. "ये, बघ बरं काय बदललंय."