दगड काढला का?

आमच्या थोरल्या जाऊबाईंना गल्लीत सगळे खडेबाई म्हणतात. खडे बोल सुनावतात म्हणून नव्हे. ते खातं माझ्याकडे. त्या चांदीत खडे बसवून दागिने करतात, सगळं हाताने, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, खिडकीपाशी. आणि खडा बहुतेक करून एकच, टायगर आय. तपकिरी-सोनेरी दगड असतो तो. त्याच्या पोटात उजेडाची रेघ असते आणि खडा हलवला की ती रेघही सरकते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. म्हटलं, लोक हिऱ्यामाणकांवर जीव टाकतात, आपल्या नशिबी दगडधोंडे!

दगड कापायचे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर. मागच्या खोलीत त्यांची करवत होती. वरून पाण्याची धार, खाली गरगर फिरणारं पातं, आणि त्या पाण्याचा जो तपकिरी चिखल व्हायचा तो भाऊजी पायांनी घरभर फिरवायचे. फरशी पुसून पुसून मी मेटाकुटीला यायची. "अहो भाऊजी, पाय धुऊन या की!" म्हणून रोज ओरडायची. ते "हो हो" म्हणायचे आणि तसेच तरातरा खिडकीपाशी जायचे, हातातला ओला दगड उजेडात धरायला. दगड आडवातिडवा कापला तर ती रेघ दिसतच नाही, खडा मेल्यासारखा होतो. म्हणून पेन्सिलीने खूण करायची, पुसायची, परत करायची, असा अर्धा अर्धा दिवस घालवायचे.

"दगडच आहे ना तो? का सून पसंत करायचीय?" मी म्हणायची.

"या घरची धाकटी सून घाईत पसंत केली," ते शांतपणे म्हणायचे, "म्हणून तर आता जपून वागतो."

असा माणूस! जाऊबाई खिडकीपाशी खुसुखुसु हसायच्या, आणि मी तोंड फुगवून फडका पिळायची.

कामाची वाटणी ठरलेली होती. कापणं, घासणं, चकाकी आणणं भाऊजींचं. चांदीचं काम जाऊबाईंचं. खडा धरून ठेवणाऱ्या चांदीच्या नख्यांत तो बसवायचा, नि काही तुटलं-मोडलं तर छोट्या गॅसबत्तीने डाग देऊन जोडायचं. पण त्या बत्तीचा फुस्स आवाज झाला रे झाला, की मागच्या खोलीतून करवतीच्या वरताण हाक यायची, "दगड काढला का?"

कारण या खड्याला आच सोसत नाही. तापला की लाल होतो, आणि मग डोकं आपटलंत तरी सोनेरी होत नाही. जोडकाम करायचं तर आधी नख्या उघडून खडा काढून ठेवायचा.

"काढला हो, काढला!" जाऊबाई ओरडायच्या. मग माझ्याकडे बघून पुटपुटायच्या, "जन्म गेला माझा यात. मला शिकवतायत!" घरी आलेला पाहुणा त्या आरडाओरड्याने दचकायचा. आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे.

भाऊजी आजारी पडले आणि हां हां म्हणता गेले. करवतीवर चादर पडली. फरशी दिवसभर लख्ख राहायला लागली, आणि मला ती लख्ख फरशी बघवेना. जाऊबाई मात्र रडल्या नाहीत. आल्यागेल्याशी बोलायच्या, काम करायच्या. मला त्याचीच भीती वाटायची.

भाऊजींच्या खोलीत कापून तयार असलेली खड्यांची शेवटची जोडी सापडली. एकाच दगडाची दोन शकलं, शेजारी ठेवली तर एकातली रेघ सरळ दुसऱ्यात जाणारी. लेकीसाठी केली होती त्यांनी. बाकीचे सगळे खडे केव्हाच विकले गेले होते. त्यांच्या हातचं म्हणून जे काही उरलं ते एवढंच. जाऊबाईंनी त्याची कानातली केली. पुतणी नोकरीला परगावी असते, तिने ती कानातून कधी उतरवली नाहीत.

परवा ती सुट्टीला आली तेव्हा एका कानातल्याचा आकडा तुटला होता. "आई, एवढं जोडून ठेव गं, उद्या निघायचंय," असं म्हणून दोन्ही काढून ठेवली आणि मैत्रिणीकडे गेली. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. कपड्यांचा ढीग घेऊन खाली येते तो आतून आवाज आला, "अगं बाई!"

धावत गेले. जाऊबाईंच्या हातात बत्ती तशीच जळत होती. समोर कानातलं, आकडा छान जोडलेला, आणि खडा विटेसारखा लाल.

"अहो जाऊबाई, असं कसं झालं? तुमच्या हातून?"

"त्यांनी विचारलंच नाही गं," त्या म्हणाल्या.

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं 'काढला हो, काढला' म्हणायच्या ना, तेव्हा खडा कधीच काढलेला नसायचा! हाक आली की ओरडून उत्तर द्यायचं आणि मग पक्कड उचलून गुपचूप नख्या उघडायच्या. तीच सवय. ते गेल्यापासून विकतचे खडे आणून नवेच दागिने केले होते, डाग आधी, खडा मागून. जोडकाम हे पहिलंच. "बत्ती पेटवली आणि थांबले होते मी," त्या म्हणाल्या. "कशाला थांबलेय तेच कळेना. मग जोडून टाकलं."

मी पुढे होऊन त्यांच्या हातातली बत्ती बंद केली.

"जा, चहा टाक," त्या म्हणाल्या. "दुसराही लाल करून टाकते. जोड तरी जमेल. पोरीला काय तोंड दाखवू?"

मी स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं. पलीकडे बत्ती फुस्स झाली. त्या माणसाच्या हातचा एकच सोनेरी खडा आता आमच्या घरात उरला होता. मी होती नव्हती ती ताकद लावून ओरडले,

"दगड काढला का?"

बत्तीचा आवाज तसाच चालू राहिला. मग बंद झाला. "काढते गं, काढते," असं आलं, आणि पाठोपाठ हुंदका. भाऊजी गेल्यानंतर जाऊबाई पहिल्यांदा रडल्या, मोकळं, मोठ्याने. मी आत गेले नाही. चहा उतू गेला, शेगडीवर पसरला, जाऊ दे म्हटलं.

संध्याकाळी पोरीने दोन्ही कानातली हातात घेतली. "हा लाल कुणी केला?"

"मी," जाऊबाई खाली बघत म्हणाल्या.

"मग हा तुझा," ती म्हणाली, "आणि हा बाबांचा." आणि आरशात बघून एकेक कानात घातलं. पोरगी बापावर गेलीय.

आता बत्तीचा आवाज झाला की मी हातातलं काम टाकून हाक मारते, "जाऊबाई, दगड काढला का?"

"काढला गं, काढला! मला शिकवतेय!" त्या ओरडतात. आणि मग पक्कड उचलल्याचा आवाज येतो.