मूळ कल्पना कोणाची

प्रयोगशाळेत तिला सगळे 'सुट्टीवाली' म्हणत. सात वर्षांत धड चार रजा न घेतलेल्या बाईला हे नाव म्हणजे थट्टाच, पण ते चिकटलं त्याला कारण होतं. कर्करोगाशी लढायला तयार केलेल्या रोगप्रतिकारक पेशी गाठीच्या पेशी मारता मारता आठवड्याभरात थकून जात. बाकीचे त्यांना आणखी डिवचत बसायचे. हिने त्यांना दोन दिवस गाठीपासून लांब, नुसतं निवांत ठेवलं. परत सोडल्यावर त्या अशा तुटून पडल्या की सर अर्धा तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. तिथंच हसत हसत त्यांनी हे नाव ठेवलं. घरी धाकटा भाऊ म्हणाला, पेशींना सुट्टी मिळते, मग आमच्या ताईला कधी?

सर तिचे मार्गदर्शक. पिपेट हातात कसं धरायचं इथपासून त्यांनी शिकवलेलं. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर तिच्याबरोबर तेच बसून होते. अशा माणसावर तिनं डोळे मिटून विश्वास टाकला, यात तिचं काय चुकलं?

तरुण संशोधकांसाठीचा पुरस्कार जाहीर झाला. मिळाला तर स्वतःची प्रयोगशाळा, नाही तर जूनमध्ये करार संपून थेट घरी. सरांचं शिफारसपत्र लागणार होतं. मसुदा तूच कर, मी सही करतो, असं सर म्हणाले. तिथं सगळे तसंच करत. पण आपणच आपली पाठ थोपटायची म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कष्ट, चिकाटी वगैरे लिहून झालं आणि कल्पनेपाशी हात अडखळला. शेवटी तिनं सरांच्या तोंडी घातलं, 'मूळ कल्पना माझी. हिने ती मेहनतीने तडीस नेली.' कागद देताना सांगितलंही, की ही ओळ लाजेपोटी लिहिलीय, तेवढी तुम्ही बदला. सर "बघतो" म्हणाले.

नकार आला. काम उत्तम, पण कल्पना मार्गदर्शकांची, असं परीक्षकांनी कळवलं होतं. सोबत पत्राची प्रत होती. सरांनी ते वाचलंच नसेल म्हणावं, तर स्वल्पविराम नीट केलेले होते, चुकलेली एक तारीखही सुधारली होती. ती ओळ मात्र जशीच्या तशी होती.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. टेबलावर त्यांच्या नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव पडला होता आणि पहिल्याच पानावर थकलेल्या पेशींना विश्रांती देण्याची 'माझी संकल्पना' होती. तिनं पत्र त्याच्यावर ठेवलं.

"सर, ही ओळ तुम्ही बदलणार होतात."

सरांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "तूच लिहिलीस ना? मी फक्त सही केली."

शब्द तिचेच होते. दवाखान्यातला तो बाक आठवला आणि तिला त्याचीही किळस आली. या माणसासमोर रडायचं नाही, एवढं ठरवून ती वळली. दारापाशी पोचली तेव्हा मागून सरांचा नेहमीचा मायेचा आवाज आला.

"सुट्टीवाली, जाताना दार ओढून घे."