ईस्टरच्या सोमवारचे झरोके

ओडेल स्टान्सिलला दोन गोष्टींची भीती वाटायची: घराखाली शिरण्याची आणि बायकोच्या खोकल्याची. त्या जूनमध्ये खोकल्याची भीती वरचढ ठरली, म्हणून एका सकाळी तो पोटावर सरपटत घराखाली शिरला.

नॉर्थ कॅरोलिनाच्या सखल, दमट भागातली जुनी घरं अशीच, विटांच्या खांबांवर उभी. खाली दीड हाताची पोकळी, तिच्याभोवती झरोके ठेवलेली बुटकी भिंत आणि आत उघडी माती. ओडेलच्या तुळयांना बुरशी लागली होती आणि तिचा कुबट वास फटींतून थेट स्वयंपाकघरात यायचा. व्हर्नाची छाती आधीच नाजूक. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, घर कोरडं करा, नाहीतर यांना इथून हलवा. हलवायचं म्हणजे शार्लट शहरात, मुलीच्या घरी. तिथे एकाचीच सोय होती. मग ओडेलने इथे काय भिंतींशी बोलत बसायचं?

व्हर्नाचा भाऊ रॉयस आपल्या हार्डवेअरच्या दुकानातून जाड प्लास्टिकची गुंडाळी घेऊन आला. ते मातीवर अंथरायचं, एकावर एक चढवून सांध्यांवर टेप मारायची, कडा भिंतीवर वीतभर वर न्यायच्या. इथवर ओडेलने मान डोलावली.

"आणि भिंतीतले झरोके बंद करून टाक," रॉयस म्हणाला. "कायमचे."

"डोकं ठिकाणावर आहे ना? माझे वडील दर वसंतात, ईस्टरच्या सोमवारी झरोके उघडायचे. मीही उघडतो. घराला श्वास नको?"

रॉयसने आपला बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास उचलला. तो बाहेरून ओला झाला होता. "हे पाणी काय आतून गळलंय? दमट हवा गार जागी गेली की असंच होतं. उन्हाळाभर झरोके उघडे ठेवून तूच ओल घरात बोलावतोस, शहाण्या."

"तू आपले खिळे विक. माझं घर मला शिकवू नकोस."

व्हर्ना मक्याच्या पावाचं पीठ कालवत राहिली. बोलून उपयोग नव्हता. ओडेलच्या हातात कसब होतं, अर्ध्या गावाची छपरं त्याने बसवली होती, पण वडिलांचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. माणूस प्रेमळ, पण असला हट्टी की विचारू नका.

आता तो अंधारात टेप मारत पुढे सरकत होता. पाठ तुळयांना घासत होती. साप असेल का, तुळई खचेल का, काय काय मनात येत होतं. धीर होता तो एकाच गोष्टीचा. वर व्हर्ना खुर्चीत बसून अधूनमधून काठीने फळीवर ठोकायची. ठोका आला की ती ठीक आहे, असं दोघांचं ठरलं होतं.

ओडेल लांबच्या कोपऱ्यात पोचला आणि ठोके थांबले.

त्याने वाट पाहिली. हाक मारली. वरून काही नाही. तेवढ्यात उजवीकडच्या झरोक्यातला उजेड गेला. मग पुढच्या झरोक्यातला. ओडेलला वाटलं, आपल्यालाच भोवळ येतेय. वर ती पडली असेल आणि आपण इथे अडकलोय, या विचाराने तो मागे फिरला. कोपरं सोलवटत तो कसाबसा बाहेर आला.

व्हर्ना अंगणात होती. भिंतीशी गुडघे टेकून, धापा टाकत, शेवटच्या झरोक्याची झडप ओढत होती. झडप नव्या रंगाने चिकटून बसली होती.

"वेडी आहेस का तू? ठोकायचं का थांबलीस? घाबरून मेलो असतो मी खाली."

"एकदाच घाबरलास," ती म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला थांबावं लागत होतं. "मी रोज रात्री घाबरते. घराला श्वास हवा, घराला श्वास हवा. आणि मला, ओडेल?"

तिला पायरीवर बसवून त्याने खिशातल्या चाकूने रंग खरवडला आणि झडप लावली. मग तिथेच बसून राहिला. आईची आठवण त्याला काही केल्या आवरेना. तीही याच स्वयंपाकघरात उन्हाळाभर खोकायची. वडील म्हणायचे, वयाचा खोकला आहे. ती गेली तेव्हा चाळिशीचीही नव्हती.