लातूर ते नांदेड, दहा मिनिटं

लातूर ते नांदेड, विमानानं सुमारे दहा मिनिटं. हे मी चाकूरच्या स्टँडवर थांबलेल्या एसटीत बसून मोबाइलवर वाचलं. सरळ रेषेतलं अंतरही दिलं होतं. मला फक्त रस्ता किती उरला ते पाहायचं होतं. दोन्ही गावांना विमानतळ आहे, पण एकीकडून दुसरीकडे जाणारं विमान माझ्या माहितीत नाही.

त्या दिवशी पहाटे नांदेडला आक्का वारली. माझी थोरली बहीण. आमच्याकडे बाई सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं पातळ भावानं आणायचं, ते नेसवल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भाऊ मी एकटाच. साडेसहाला भाच्याचा फोन आला तेव्हाच निघालो असतो, पण रिकाम्या हातानं जाता येत नव्हतं. दहा वाजेपर्यंत लातुरात साड्यांच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. नांदेडलाही पातळ मिळतं, हे सुचलंच नाही. सुचलं असतं तरी तिथलं ते माहेरचं कसं, असं वाटलं असतं.

"कुणाला पाहिजे, सर?" दुकानदारानं विचारलं.

"बहिणीला."

"मग हे बघा. लगेच नेसायचं असंल तर फॉल-पिको करून देतो. अर्धा तास."

नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो आणि स्टुलावर बसलो. आत मशीन चालू झालं.

चाकूरला भाच्याचा फोन आला.

"मामा, कुठवर आलाव?"

"चाकूर."

"आजूक चाकूरच?"

फोनमध्ये त्याच्या मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "चालत निघाले का काय मामा? इचार त्याला." आणि मग कुणाला तरी, "ऊन लई हाय. दोनच्या पुढं ठेवता यायचं न्हाई."

अहमदपूरला गाडी जेवणासाठी थांबली. कंडक्टरला विचारलं, लवकर निघता येईल का. "ड्रायव्हर सकाळपासून उपाशी हाय, काका," तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. पावणेदोन वाजले होते. लोहा पुढं, नांदेड त्याच्याही पुढं. भाच्याला फोन लावला.

"थांबू नका," मी म्हणालो. "तिथलंच एक हिरवं आणा. माझ्या नावानं नेसवा."

"मामा, तोंड तरी बघायचं होतं ना तुम्हाला?"

"हाव. पण उचला आता."

पातळाची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो. रडू आलं नाही. इतकं थकल्यासारखं वाटत होतं, की गाडी निघाली ते शेजारच्या बाईनं "सरका जरा" म्हटल्यावर कळलं.

पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. माणसं आंघोळी करून पांगली होती, ओटा धुतलेला होता. दाजी ओल्या पंच्यानं भिंतीला टेकून बसले होते. पिशवीकडं त्यांनी पाहिलं, पण त्याबद्दल विचारलं नाही.

"हिरवंच नेसवलं," ते म्हणाले. "भावाचं आलं म्हणून सांगितलं सगळ्यांना. कुणी इचारलं तर तसंच सांगा."

मी मान हलवली आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसलो.