उरलेल्या चार शब्दांचं नाव

"उरले म्हणून गट होत न्हाई, भाऊ. नाव सांगा."

असं म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि डायरी छातीशी उलटी धरायच्या, कुणी डोकावू नये म्हणून. नांदेडहून लोह्याला जाणारी सकाळची एसटी तोवर सोनखेडच्या पुढं आलेली असायची. आम्ही सगळे अप-डाउनवाले. बाई लोह्याच्या एका शाळेत शिकवायच्या, मी तिथल्याच एका कार्यालयात आवक-जावक रजिस्टर लिहायचो.

तुम्ही अप-डाउन केलं असेल तर तुम्हाला माहीत आहे, अशा गाडीत माणसं एकतर झोपतात नाहीतर मोबाइल बघतात. आमच्या गाडीत मागच्या तीन ओळी शब्द लावत बसायच्या. बाईंच्या लातूरच्या मुलीनं त्यांना कधीतरी मोबाइलवर इंग्रजी कोडं दाखवलं होतं. सोळा शब्द, चार-चारांचे चार गट पाडायचे, रोज नवं. बाई म्हणाल्या, "इंग्रजीत कशाला? आपल्याकडं काय शब्दांचा दुष्काळ हाय का?" आणि त्या रोज सोळा शब्द डायरीत लिहून आणू लागल्या. त्या वाचायच्या, आम्ही तळहातावर नाहीतर तिकिटामागं लिहून घ्यायचो. लोहा यायच्या आत सोडवायचं.

एकदा करडईवरून अख्खी गाडी भांडली. तीळ, भुईमूग, सोयाबीन, कारळ यांच्यात तेलाची म्हणून करडई बसवली की तिथं पाच व्हायचे, आणि ज्वारी, गहू, हरभरा तीनच राहायचे. शेवटी कंडक्टर मशीन बगलेत मारून म्हणाला, "करडई रब्बीत घाला की! माझा बाप दरसाल पेरतो."

"शाबास!" बाई खूश. "ह्याला कळलं. तुम्ही नुसतं तेल खाऊन राहिले."

तीन गट पाडले की चौथा आपोआप उरतो, पण बाईंना ते चालायचं नाही. उंबरठा, बांध, कुंपण, पडदा उरले, तर ते एकत्र का, हे सांगावं लागायचं. "इकडचं तिकडं होऊ न देणारे," मी म्हणायचो. बहुतेकदा मीच. कार्यालयात मला "ओ आवक-जावक" अशी हाक मारायचे. गाडीत बाई म्हणायच्या, "भाऊ आले का? मग सुरू करू." हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं त्यातूनच झालं.

एका सकाळी तीन गट लागले आणि उरले कात्री, मीठ, शेवगा, पोस्टमन.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. रोज त्या परीक्षा घेतल्यासारख्या बघायच्या. त्या दिवशी त्या मलाच विचारत होत्या. उत्तर त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"शेजाऱ्याकडून येणाऱ्या गोष्टी," मी ठोकून दिलं.

"पोस्टमन बी मागून आणता का साहेब?" कंडक्टर म्हणाला.

"आमचं पत्र तो शेजारीच टाकतो. मग तिकडूनच येतं."

गाडी हसली. बाईही हसल्या, जरा उशिरा.

नंतर हे वाढत गेलं. कधी पंधराच शब्द असायचे, कधी एकच शब्द दोनदा. मी म्हणालो, "बाई, तुमच्या डोळ्यांना त्रास कशाला? डायरी द्या, मी वाचतो." त्यांनी मुकाट्यानं दिली. मी वाचता वाचता चुकलेला शब्द गाळायचो, दुसरा घालायचो. गट लागायचे. मीच लावलेलं कोडं मीच सोडवत होतो, आणि गाडी म्हणायची, बाईंचं डोकं काय चालतं!

एकदा बाईंच्या मुलीचा फोन आला. "काका, आई एकच गोष्ट तीनतीनदा सांगते. तुम्ही रोज सोबत असता, तुम्हाला काही वेगळं वाटतं का?"

"छे हो ताई. रोज सोळा शब्द काढतात. आपल्याला जमणार नाही."

"मग बरंय." तिनं सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला.

बाईंना चारचौघांत लाज वाटू नये म्हणून मी हे करतो, असं मी स्वतःला सांगायचो. खरं आहे ते, पण अर्धंच. कोडं बंद पडलं असतं तर मी पुन्हा नुसता आवक-जावक झालो असतो.

असं वर्ष गेलं. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर लोह्याच्या स्टँडवर उतरल्यावर बाईंनी माझी बाही धरली. "भाऊ, शाळा कुणीकडं हाय हो?" बारा वर्षं त्या त्याच रस्त्यानं जात होत्या.

मुलगी त्यांना लातूरला घेऊन गेली. तिनं नंतर फोनवर सांगितलं, "डॉक्टर विचारत होते, इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? आधी आणायला पाहिजे होतं म्हणाले." ती मला बोल लावत नव्हती, नुसतं सांगत होती. मी "हं" म्हणालो.

दोन वर्षं ते "हं" घेऊन हिंडलो. यंदा दिवाळी झाल्यावर लातूर गाठलं. मुलगी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. डायरी, बदललेले शब्द, फोनवरचं खोटं. तिचे हात थांबले.

"तुमच्या भरवशावर राहिले मी, काका," ती म्हणाली. मग पुन्हा मेथी निवडू लागली.

बाहेरच्या खोलीत बाई पलंगावर बसल्या होत्या. मुलगी त्यांना रोज कागदाच्या चिठ्ठ्या कापून देते, त्यांवर त्या शब्द लिहितात. मला बघून त्या खिडकीकडं सरकल्या, गाडीत सरकायच्या तशा. "बसा, जागा हाय." ओळख मात्र दिसली नाही. मग त्यांनी चार चिठ्ठ्या माझ्यापुढं मांडल्या. चिमटा, श्रावण, बैलगाडी, आरसा.

"नाव सांगा."

मुलगी दारात येऊन उभी होती. सवयीनं माझ्या तोंडात काहीतरी तयारही झालं होतं. ते मी गिळलं.

"बाई, यांचा गट होत नाही. चुकलंय."

त्यांनी चिठ्ठ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रागावल्या नाहीत.

"मग आधीच सांगायचं ना, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि चारही चिठ्ठ्या उचलून पहिल्यापासून मांडायला लागल्या.