साळूची पुरवणी

आमच्या घरात गेली एक्केचाळीस वर्षं कुठलीही गोष्ट गुण मिळाल्याशिवाय पूर्ण झाली असं धरत नाहीत. सकाळचा चहा मी करतो. चारुशीला एक घोट घेते, डोळे बारीक करते आणि म्हणते, "साडेपाच." दहापैकी. एकदा सात मिळाले होते. पण तेव्हा तिला सर्दी होती आणि चव कळत नव्हती, असं तिनेच नंतर जाहीर केलं आणि दीड गुण परत घेतला.

चारुशीला म्हणजे माझी बायको. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका शाळेत तिने तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं दहावीच्या पेपरांची मॉडरेटर म्हणून काढली. मॉडरेटर म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासणारा. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर त्यांनी आपल्याला मान द्यायचा, असा हा धंदा. एवढी वर्षं हे सुख भोगलेला माणूस निवृत्त झाल्यावर घरच्यांचं काय होतं, त्यावर कुणी प्रबंध लिहायला घेतला तर मी माहिती पुरवायला तयार आहे.

तिचा खरा दरारा होता तो पुरवणीबद्दल. मुख्य उत्तरपत्रिका भरली की मुलं जादा कागद घेतात आणि मागे दोऱ्याने बांधतात. कंटाळलेला तपासनीस मुख्य वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज मारून मोकळा होतो. चारुशीला अशांना बरोबर हुडकून काढायची. "पोरगं मागे खरं उत्तर लिहून बसलं आहे आणि तुम्ही पुढेच बेरीज मारून राहिले," हे तिचं वाक्य ऐकून चांगले टक्कल पडलेले शिक्षक घाम पुसत. दोघांना तर तिने कायमचं घरी बसवलं. आमच्याकडे मी ताटात भाजी ठेवून उठलो तरी ती म्हणते, "पुरवणी राहिली."

माझं म्हणाल तर मी केशव, एका सरकारी कचेरीतला निवृत्त हेडक्लार्क. माझं तत्त्वज्ञान चारुशीलेच्या अगदी उलट आणि प्रकृतीला फार मानवणारं. जी फाईल आपल्या टेबलावर आली नाही, तिच्यावर शेरा मारायचा नाही. या एका नियमावर मी नोकरी केली, संसार केला, आणि रक्तदाब अजून एकशे तीसच्या वर जाऊ दिलेला नाही.

आमच्या हॉलमध्ये कोऱ्या कागदावर चिकटवून फ्रेम केलेलं एक कात्रण टांगलेलं होतं. नव्व्याण्णव साली चारुशीलेने वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र. मथळा होता, 'हेच का बालमनावरचे संस्कार?' पाहुणे आले की पाण्याच्या आधी त्यांना ते पत्र मिळे. पत्र होतं 'साळू' नावाच्या कार्टूनबद्दल. साळू हे साळिंदराचं पिल्लू, जंगलात आईबरोबर राहणारं. केबलवर रविवारी सकाळी त्याचा नवा भाग लागायचा आणि तोच बुधवारी संध्याकाळी पुन्हा दाखवायचे. ज्या भागावर चारुशीला तुटून पडली, त्यात साळू आईचं मधाचं मडकं फोडतो, खापऱ्या लपवतो आणि विचारल्यावर कावळ्याचं नाव घेतो. सगळे मिळून कावळ्याला जंगलाबाहेर हाकलतात. 'एका निरपराध जीवावर आळ घेण्याचे शिक्षण आमच्या मुलांना घरबसल्या मिळत आहे,' असं पत्रात होतं. पत्र छापून आलं, गल्लीत वाचलं गेलं आणि आमचं केबल कापलं गेलं. आमची चिन्मयी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती रडली नाही, याचंही चारुशीलेने संस्कारांच्या खात्यात श्रेय घेतलं.

त्याच महिन्यात आमच्याकडे आणखी एक प्रकरण झालं होतं. चारुशीलेच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून शाळेने तिला एक मनगटी घड्याळ दिलं होतं. सोनेरी तबकडी, काळा पट्टा. ती ते वापरत नसे, फक्त दाखवत असे. एका संध्याकाळी ते कपाटात सापडलं नाही. त्या खोलीत रोज जाणारी बाहेरची बाई एकच, आमच्याकडे धुणंभांडी करणारी रुखमाबाई. चारुशीलेने तिला दारातच उभं करून तीन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि निकाल दिला. पोलिसात दिलं नाही, हा आपला मोठेपणा, असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. गल्लीतल्या इतर घरांनाही तिने सावध केलं, तेही मोठेपणानेच. घड्याळ गेल्यापासून पत्र छापून येईपर्यंत मध्ये जेमतेम दोन आठवडे गेले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायचं घरात कुणालाही सुचलं नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चिन्मयीकडे, शहराच्या टोकाला बेसा भागात, जेवायला गेलो. तिच्या सोसायटीत चार लिफ्ट आहेत, त्यातली एक चालते. चिन्मयी स्वयंपाकघरात सांबारवड्या करत होती. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आमच्या नागपुरात पुण्याच्या पाहुण्यांना दर हिवाळ्यात नव्याने समजवावं लागतं. हॉलमध्ये नात वेदिका मोठ्या टीव्हीवर यूट्यूब लावून बसली होती. पडद्यावर साळू.

"आजी, हा माझा फेवरेट आहे. मडक्यावाला," वेदिका म्हणाली.

चारुशीलेच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी फक्त पेपरांचा गठ्ठा फोडताना पाहिलेलं आहे. पंचवीस वर्षांनी आरोपी स्वतःच्या पायाने कोर्टात आला होता. तिने चष्मा पुसला, पर्समधून लाल पेन काढलं (निवृत्तीनंतर ते कशाला लागतं, हे विचारायची सोय नाही) आणि नातीला जवळ घेऊन बसली.

"बघ, आता हा मडकं फोडेल. फोडलं. आता खोटं बोलेल. बोलला. आता त्या गरीब कावळ्याला सगळे हाकलतील. असं वागायचं का आपण?"

"नाही," वेदिका म्हणाली.

कावळा उडून गेला. पडदा क्षणभर काळा झाला. जुन्या काळी इथे जाहिराती लागायच्या. "इथेच मी टीव्ही बंद केला होता," असं म्हणत चारुशीलेने रिमोटकडे हात नेला.

चिन्मयी बेसनाच्या हातानेच बाहेर आली. "आई, रिमोट ठेव. पुढचं बघ."

"पुढे काय आहे?"

"पुरवणी आहे," चिन्मयी म्हणाली.

आमच्या घरात या शब्दाला उलटून बोलायची पद्धत नाही. चारुशीलेने रिमोट ठेवला. पुढे साळूला झोप येईना. या कुशीवर वळला तर स्वतःचेच काटे टोचतात, त्या कुशीवर वळला तरी तेच. शेवटी तो उठून एकटा तीन टेकड्या ओलांडून जातो, कावळ्याला शोधतो, परत आणतो आणि सगळ्यांसमोर आईला सांगतो की मडकं मी फोडलं. आई कावळ्याची माफी मागते. मग सगळे मध खातात आणि एक अत्यंत भिकार गाणं होतं.

चारुशीला म्हणाली, "पुन्हा लाव."

तिने तो भाग तीनदा पाहिला. वेदिका दुसऱ्याच वेळी कंटाळून गॅलरीत गेली. तिसऱ्यांदा संपल्यावर चारुशीलेने टीपॉयवरच्या किराण्याच्या यादीमागे लाल पेनाने लिहिलं, 'साडेआठ.' दीड गुण गाण्याचे कापले.

"मी पान उलटलंच नव्हतं," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की तो तिचाच आहे का, हे मी एकदा बघून घेतलं.

"तुला त्या बुधवारी मी हात धरून बसवलं होतं," चिन्मयी म्हणाली. "तू पेपर तपासत होतीस. मी म्हटलं, आई, फक्त हे बघ. रविवारी मी पूर्ण पाहिला होता. मला वाटलं, तू शेवट बघशील, मग मला सांगता येईल."

"काय सांगता येईल?"

"घड्याळ मी नेलं होतं. शाळेत मैत्रिणींना दाखवायला. टाकीवर हात धुताना काढून ठेवलं आणि विसरले. परत गेले तर नव्हतं."

कढईतलं तेल तापून धूर निघायला लागला, तेव्हा मीच उठून गॅस बंद केला. घरात काही पेटलं की मी गॅसकडे जातो.

"मग सांगितलं का नाहीस?" चारुशीलेने विचारलं.

"तू शून्य दिले होतेस."

"ते साळूला दिले होते."

"मी नऊ वर्षांची होते, आई. मला फरक नाही कळला."

चारुशीलेने यावर काही गुण दिले नाहीत. पेनाला टोपण लावून म्हणाली, "रुखमाबाई कुठे असेल आता? आहे का तरी?"

"इतवारीच्या बाजारात असते. भांड्यांच्या दुकानांची ओळ संपते ना, त्या कोपऱ्यावर सांबार विकते. मी दर आठवड्याला तिच्याकडूनच घेते," चिन्मयी म्हणाली. "ती मला ओळखत नाही. आणि मला सांगायची हिंमत होत नाही. नुसती जुडी घेऊन येते." तिने ताटातल्या हिरव्यागार वड्यांकडे पाहिलं. त्या दुपारी त्या वड्या कुणी खाल्ल्या नाहीत. मी दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुशीला इस्त्रीची साडी नेसून दारात उभी होती. मी म्हटलं, इतवारीत हातगाड्या फार, टेम्पो फार, स्कूटर लावायला जागा नाही, तू आणि चिन्मयी रिक्षाने जा. खरं म्हणजे भांड्यांच्या त्या ओळीकडे मी वर्षानुवर्षं फिरकलेलो नाही. बाजारातलं काही आणायचं असलं की लांबचा फेरा मारतो. गर्दी सोसत नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"स्कूटर काढा," चारुशीला म्हणाली.

रुखमाबाई पोत्यावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. केस पांढरे झाले होते, चष्म्याची एक दांडी चिंधीने बांधलेली. चारुशीला तिच्यासमोर उकिडवी बसली. पासष्टाव्या वर्षी तिला ते जमतं, हे मलाही नवीन होतं. चारुशीलेला एरवी प्रस्तावना लागते. त्या दिवशी ती सरळ मुद्द्यावर आली.

"रुखमाबाई, घड्याळ तुम्ही घेतलं नव्हतं."

"हो नं, बाई," रुखमाबाई म्हणाली. "मले ठाऊक हाये."

"मला काल कळलं. चिन्मयीनं नेलं होतं. मी तुमचं नीट ऐकून घेतलं नाही. माझी मोठी चूक झाली. मला माफ करा."

रुखमाबाईने हातातली जुडी पूर्ण बांधली, पाणी मारलं आणि ढिगावर ठेवली. "पाच घरचं काम गेलं, बाई. एक वरीस लय वाईट गेलं. लेकीची शाळा सुटली. मंग हे धरलं." मग म्हणाली, "पोरगी येते दर हप्त्याले. तिले वाटते, मी वळखलं नाही. म्हनून मोठी जुडी देतो तिले. तिच्यावर काहून राग धरू? लहान होती ते."

"राग माझ्यावर धरा," चारुशीला म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"तुमच्यावर तं होताच. पन तुम्ही पाह्यलं नव्हतं, बाई." आणि मग रुखमाबाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटरपाशी, शक्य तितका दूर उभा होतो. "सायबांनी पाह्यलं होतं. त्या रोजी सकाळी मी फाटकापाशी होती. पोरगी स्कूटरवर बसली, बाही वर गेली, तं घड्याळ दिसलं. सायबांनी तिची बाही खाली ओढून देल्ली. हासले बी. मले वाटलं, संध्याकाळी सायेब बोलतीन. मी तीन दिवस फाटकापाशी येऊन उभी राह्यली."

हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. बाही मी ओढली होती, हे खरं आहे. पोरीची हौस, आईला कळू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. संध्याकाळी घरात निकाल लागत होता तेव्हा मी पेपर वाचत होतो. उद्या सांगू, म्हटलं. उद्या सांगितलं तर आज का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. आणि फाईल तर माझ्या टेबलावर आलेलीच नव्हती. ते तीन दिवस मी मागच्या दाराने ऑफिसला गेलो. मला लाज वाटत होती. आजही वाटते, फक्त मी तिला गर्दीचं नाव दिलं होतं.

येताना चारुशीला स्कूटरवर मागे बसली, पण माझ्या खांद्याला धरलं नाही. घरी येऊन तिने भिंतीवरचं कात्रण काढलं. फ्रेममधून काढलेल्या त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती त्याच दुपारी गल्लीतल्या घरांची यादी करत बसली. ज्यांना तिने तेव्हा सावध केलं होतं, त्या घरांची. आता रोज संध्याकाळी ती एकेका दारात जाऊन सांगते. दोन घरांतली माणसं बदलली आहेत, त्यांनाही सांगते. त्यांना काही कळत नाही. तिला चालतं.

मी मात्र रोज सकाळी चहा करतो, कप तिच्यापुढे ठेवतो आणि उभा राहतो. ती घोट घेते, खिडकीबाहेर बघते, कप संपवते. ना साडेपाच, ना पाच, ना शून्य. रुखमाबाई फाटकापाशी तीन दिवस उभी होती. माझा आज एकोणिसावा.